चारशे अठरा नंबरचा पत्ता

तिला ऑफिसात सगळे पत्तेबाई म्हणायचे. नव्या माणसाला वाटायचं, बाईंना पत्ते कुटायचा नाद दिसतोय. प्रत्यक्षात तिनं जन्मात कधी डाव मांडला नव्हता. आमची संस्था हरवलेल्या माणसांचा शोध घेणारी. तिथं ती इंटरनेटवरचे पत्ते सांभाळायची, म्हणून पत्तेबाई. मी तिच्या शेजारच्या टेबलावर. लोकांचे आलेले निरोप वाचायचे आणि ज्याचा निरोप त्याच्या फाइलला लावायचा, हे माझं काम. एकवीस वर्षं आमची टेबलं एकमेकांना खेटून होती. तिच्या पाठीशी नेहमी एक उशी असायची, कारण तिच्या खुर्चीची पाठ मोडलेली होती आणि नवी खुर्ची मागणं तिच्या जिवावर यायचं.

अशा संस्थेत काम करणाऱ्याचं कुणीतरी स्वतःचं हरवलेलं असणार, असं लोक धरूनच चालतात. तिचं कुणी हरवलेलं नव्हतं. ती जाहिरात वाचून टायपिस्ट म्हणून आली होती. लग्न केलं नाही. घरी मोठी बहीण, गुडघ्यांनी अधू आणि जिभेनं तिखट. पहिली वेबसाइट करून देणारा गृहस्थ सहा महिन्यांत नोकरी सोडून गेला आणि त्याचं जाडजूड पुस्तक हिच्या टेबलावर पडून राहिलं. हिनं ते उघडलं. चार महिने रोज जेवणाच्या सुट्टीत वाचलं. मग एक दिवस सर्व्हर बंद पडला, तेव्हा सगळे हात चोळत बसले असताना हिनं तो चालू केला. तेव्हापासून ते काम तिच्या गळ्यात पडलं, ते पडलंच.

"जगाला वाट दाखवते," तिची बहीण म्हणायची, "आणि भाजी आणायला गेली की पिशवी दुकानात विसरून येते."

वाट दाखवण्याचं काम काय होतं, ते सांगायला हवं. आमच्याकडे नोंदवलेल्या प्रत्येक हरवलेल्या माणसाचं वेबसाइटवर एक पान असतं आणि त्या पानाला नंबर असतो. घरचे लोक पोस्टर छापतात, त्यावर फोटो आणि खाली संस्थेचा फोन व त्या पानाचा पत्ता. घरच्यांना भलते फोन येऊ नयेत म्हणून त्यांचा नंबर छापत नाहीत. पोस्टर एकदा भिंतीला लागलं की ते काही कुणाला बदलता येत नाही. संस्थेचं नाव मात्र बदलत राहिलं. आधी आमची एक संस्था होती. मग दुसरी एक संस्था आमच्यात मिसळली, मग तिसरी. प्रत्येकीची वेबसाइट वेगळी, डोमेनचं, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यातलं, नाव वेगळं. दुसऱ्या संस्थेचे फोन तर विलीनीकरणाच्या महिन्यातच बंद झाले. त्यांच्या जुन्या पोस्टरांवरचा फोन लागत नाही. उरला तो वेबसाइटचा पत्ता. तो टाइप करणारा माणूस जुन्या, आता रिकाम्या जागी येऊन थडकू नये, आपोआप आमच्या नव्या वेबसाइटवरच्या नेमक्या पानावर पोचावा, यासाठी पत्तेबाई सर्व्हरवरच्या एका फाइलमध्ये नियम लिहून ठेवायची. दुकान हललं की जुन्या दारावर पाटी लावतात ना, तसंच. फक्त इथं पाटी वाचायची गरज नाही. माणूस अलगद वळवला जातो.

दुसऱ्या संस्थेची बहुतेक पानं आहे त्या नंबरानं नव्या जागी आली. त्यामुळे त्यांच्यासाठी एकच सरसकट नियम पुरला: जुन्या डोमेनवर जो नंबर मागितला असेल, तोच नव्यावर द्या. पण सदतीस नंबर असे निघाले, की जे आमच्याकडे आधीच दुसऱ्या कुणाला दिलेले होते. त्या सदतीस माणसांना नवे नंबर मिळाले आणि त्यांच्यासाठी सदतीस वेगळे नियम. सर्व्हर ही फाइल वरून खाली वाचतो. जो नियम पहिल्यांदा लागू पडेल तो लावतो आणि खाली बघतच नाही. म्हणून ते सदतीस वर हवेत आणि सरसकट खाली. एवढंच पथ्य होतं. ते तिनं मला इतक्यांदा सांगितलं होतं, की मला झोपेतही म्हणून दाखवता आलं असतं.

त्या सदतीसांत एक होती रंगाऱ्याची बायको. जुना नंबर चारशे अठरा, नवा दोन हजार नव्वद.

रंगारीकाका घरं रंगवायचे. बायकोला अठ्ठावन्नाव्या वर्षी विसर पडायला लागला. आधी गॅसवरचं दूध, मग शेजारणीचं नाव, मग स्वतःच्या घराचा मजला. एका दुपारी ती शिवणाचा दोरा आणायला म्हणून खाली उतरली ती परत आलीच नाही. काकांनी दोनशे पोस्टरं छापून घेतली आणि बसच्या तीन मार्गांवरच्या एकूण एक स्टँडवर स्वतःच्या हातानं लावली. खळ स्वतः शिजवली. पोस्टर लावलं की वरून पारदर्शक वॉर्निशचा हात मारायचा, असा त्यांचा खाक्या. इतरांची पोस्टरं दोन पावसाळ्यांत गळून पडायची. त्यांची सहा वर्षांनंतरही जागच्या जागी होती.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दुपारी ते आमच्याकडे यायचे. नखांत रंग, शर्टाला इस्त्री. निरोप आहे का, हे मला विचारायचे. मी नाही म्हटलं की पत्तेबाईकडे वळायचे.

"बाई, पत्ता चालू आहे ना?"

"चालू आहे, काका."

"नाही, म्हणजे कागदावर जुना आहे म्हणून म्हटलं."

"जुना टाकला तरी पोचतो. तुम्ही निर्धास्त राहा."

मग ते पाणी पिऊन जायचे. एवढंच बोलणं. दर महिन्याला तेच.

मग एका वर्षी जुना सर्व्हर बदलून नवा आला. सगळ्या डोमेनच्या फाइली तिकडे हलवायच्या होत्या. पत्तेबाईनं आठवडाभर ते काम केलं. त्या आठवड्यात काही आक्रीत घडलं नाही, हे मुद्दाम सांगते, कारण नंतर साहेबांनी, म्हणजे आमच्या व्यवस्थापकांनी, तिला कितीतरी वेळा विचारलं. तिला ताप नव्हता. घरून फोन आला नव्हता. वीज गेली नव्हती. गुरुवारी सकाळी, चहा पिऊन झाल्यावर, दुसऱ्या संस्थेच्या डोमेनची फाइल दोन तुकड्यांत नकलून घेताना तिनं तुकडे उलटे चिकटवले. सरसकट नियम वर गेला, सदतीस खाली. मग तिनं पाच जुने पत्ते टाइप करून तपासले. पाचही बरोबर पोचले. त्या पाचांत सदतीसांपैकी एकही नव्हता. तिनं वहीत टिक केली आणि पुढच्या डोमेनला हात घातला.

त्या गुरुवारपासून चारशे अठराचा पत्ता टाकणाऱ्याला रंगाऱ्याच्या बायकोऐवजी आमचा मूळचा चारशे अठरा दिसायला लागला. झुपकेदार मिशीचा एक ट्रक ड्रायव्हर. बारा वर्षांपूर्वी हरवलेला.

काका दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी येत राहिले. "पत्ता चालू आहे ना?" "चालू आहे, काका." ती खोटं बोलत नव्हती. कधीमधी त्यांच्यासमोर पान उघडूनही दाखवायची, पण नवा नंबर टाकून. जुना टाइप करून बघावा असं तिच्याही मनात आलं नाही आणि माझ्याही.

अकरा महिने गेले. मग साहेबांनी तिला बोलावलं. जुन्या डोमेनवरून अजून किती लोक येतात, ते काढून द्या म्हणाले. फारसं कुणी येत नसेल, तर ती डोमेन पुढच्या वर्षी भाडं न भरता सोडून द्यायचा विचार होता. ती सर्व्हरच्या नोंदी काढून बसली. दुपारचे साडेतीन झाले असतील. मी निरोपांचा गठ्ठा लावत होते. ती म्हणाली, "अगं, हे बघ. चारशे अठरा. आठ महिन्यांपूर्वी कुणीतरी दहा मिनिटांत चार वेळा टाकलाय."

"रंगारीकाकांचा ना? बरंय की. कुणीतरी बघतंय."

"चार वेळा कशाला बघेल?"

तिनं तो जुना पत्ता स्वतः टाइप केला. पडद्यावर मिशीवाला ड्रायव्हर आला. तिनं एकेक अक्षर ताडून पाहिलं. पुन्हा टाइप केला. पुन्हा मिशी. मग तिनं फाइल उघडली आणि मी तिचा चेहरा पाहिला. कुणीतरी फाडकन तोंडात मारावी आणि मारणारा दिसू नये, तसा.

दुरुस्ती चार मिनिटांत झाली. एक तुकडा उचलून खाली ठेवला. मग ती मला म्हणाली, "त्या ड्रायव्हरच्या फाइलला गेल्या वर्षभरात काय काय निरोप लागलेत?"

एकच लागला होता. तो मी तिच्यासमोर उघडला. आठ महिन्यांपूर्वीचा. त्यावर माझा शेरा होता: असंबद्ध.

निरोप असा होता: "इथे मिशीवाल्या गृहस्थांचा फोटो दिसतो. मी एका बाईंबद्दल सांगायला आले होते. स्टँडवरच्या कागदावर त्यांचा फोटो आहे. माझ्याकडून पत्ता चुकला असेल तर माफ करा." खाली फोन नंबर होता.

मला तो निरोप वाचल्याचं आठवतसुद्धा नव्हतं. आमच्याकडे दिवसाला चाळीस-पन्नास येतात. कुणी शिव्या देतं, कुणी देवाची शपथ घालून भलतंच सांगतं, कुणी नुसतं "हॅलो" लिहितं. यातला हा एक. मी शेरा मारला आणि पुढचा उघडला. फोन लावायला अर्धं मिनिट लागलं असतं.

तो फोन पत्तेबाईनं लावला. मी लावते म्हटलं, तर तिनं रिसीव्हर सोडला नाही. पलीकडे एक बाई होती. बसनं तीन तासांवरच्या गावात निराधार स्त्रियांचं एक गृह आहे, तिथं सफाईचं काम करणारी. आवाज मोठा होता, मला शेजारी सगळं ऐकू येत होतं.

"हो हो, मीच लिहिलं होतं. आमच्या मावशींबद्दल. त्यांना नाव सांगता येत नव्हतं, म्हणून आम्ही मावशीच म्हणायचो. स्टँडवरचा कागद बघितला आणि म्हटलं, या तर आपल्या मावशी! त्यावरचा फोन लावला, तो बंद. मग मी वाचनालयात जाऊन त्या पोरीकडून कॉम्प्युटर लावून घेतला. चार वेळा टाकून बघितलं. प्रत्येक वेळी तो मिशीवाला. म्हटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मी काही फार शिकलेली नाही. पोलिसांनाही सांगितलं. कळवतो म्हणाले."

"त्या आता कशा आहेत?"

"गेल्या की हो. थंडीत. छातीत कफ झाला. तीन महिने होतील."

पत्तेबाईनं डोळे मिटले. "त्या कुणाची आठवण काढायच्या का?"

"बोलायच्या नाहीत फारशा. पण कुणीही पुरुष आला, दूधवाला म्हणा, डॉक्टर म्हणा, की त्याचे हात हातात घेऊन बघायच्या. नखं बघायच्या. मग सोडून द्यायच्या. आम्ही हसायचो. वेडंच होतं ते जरा."

त्या बाईनं फोटो पाठवला. खात्री करायला तो पुरेसा होता. उजव्या मनगटावरची भाजल्याची खूणसुद्धा पोस्टरावर लिहिल्याप्रमाणेच.

हिशेब अगदी सरळ होता. निरोप आला तेव्हा ती जिवंत होती. त्यानंतर पाच महिने जिवंत होती. बसनं तीन तासांवर.

साहेबांनी दार लावून घेतलं. माणूस म्हणून ते वाईट नाहीत. पण संस्था चालवायची म्हटलं की माणूस आधी छप्पर बघतो.

"चूक दुरुस्त झाली ना?"

"झाली."

"बाकीचे छत्तीस?"

"तपासले. दोन निरोप निघाले. दोन्ही किरकोळ."

"मग त्यांना कळवू या, की बाई त्या गृहात होत्या आणि वारल्या. ते खरंच आहे. निरोपाचं आणि त्या नियमांचं सांगून काय साधणार? म्हाताऱ्या माणसाच्या जखमेवर मीठ कशाला?"

मला ते पटलं होतं. अजूनही मी खात्रीनं सांगू शकत नाही, की ते चूक होतं. आणि माझ्या पटण्यात माझा स्वार्थ नव्हता असंही नाही.

पत्तेबाई म्हणाली, "ते मला दर महिन्याला विचारत होते, साहेब. मी चालू आहे म्हणाले. अकरा वेळा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती काकांच्या घरी गेली. मी बरोबर गेले. तिनं नको म्हटलं होतं, तरी गेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीची एक भिंत नमुन्याच्या रंगांनी भरलेली, पोस्टकार्डाएवढे चौकोन, प्रत्येकाखाली पेन्सिलीनं मिश्रणाचं प्रमाण. कोपऱ्यात शिवणयंत्र, त्यावर चादर. काकांची लेक त्या दिवशी माहेरी आलेली होती. तिनं आम्हाला बसायला स्टुलं दिली.

पत्तेबाईनं आधी बायको गेल्याचं सांगितलं. कुठं, कधी, कशानं. काका ऐकत राहिले. लेक रडायला लागली, तर तिला हातानं थांब म्हणाले. सहा वर्षं त्यांनी ही बातमी मनात कितीतरी वेळा ऐकून ठेवली असावी. मग पत्तेबाईनं उरलेलं सांगितलं. नियम, क्रम, गुरुवार, चार वेळा टाकलेला पत्ता, निरोप. कुठेही थांबली नाही. माझं नाव तिनं घेतलं नाही. "निरोप आमच्याकडून बघायचा राहिला," एवढंच म्हणाली. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. मी स्टुलाची कड घट्ट धरून बसले होते.

काकांनी नमुन्यांच्या भिंतीकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे सगळं लिहिलेलं होतं. फक्त वर-खाली झालं."

"हो."

"दोन तुकडे."

"हो, काका."

"आधी प्रायमर, मग रंग. उलटं केलं की भिंत फुगते. ते दिसतं तरी." ते तिच्याकडे बघून म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तुमचं दिसत नाही का काही?"

"पाच पत्ते तपासून बघितले होते. सगळे बघायला हवे होते."

लेक उसळून म्हणाली, "पाच! आणि माझे बाबा तुमच्या तोंडाकडे बघून घरी यायचे. तुम्हाला काही वाटत नाही इथं येऊन बसायला?"

"त्यांना बोलू नकोस," काका म्हणाले. मग पत्तेबाईला विचारलं, "आमची आठवण काढायची का ती?"

इथं ती खोटं बोलू शकली असती. नाही म्हटलं असतं तर कदाचित बरं झालं असतं. तिनं हातांचं सांगितलं. दूधवाला, डॉक्टर, नखं.

काकांनी स्वतःचे हात मांडीवर पालथे केले. नखांच्या कडेला निळा रंग होता. थोड्या वेळानं ते उठले, आत गेले आणि आतून दाराची कडी लागल्याचा आवाज आला. लेकीनं बाहेरचं दार उघडून धरलं. आम्ही जिना उतरलो. खाली आल्यावर मी म्हटलं, "शेरा माझा होता, हे सांगायला हवं होतं मी."

"त्यानं काय झालं असतं?" ती म्हणाली. "त्यांना दोघींचा राग करावा लागला असता."

त्यानंतर ती बदलली असं म्हणता येणार नाही. वेळेवर यायची, डबा खायची, उशी टेकून बसायची. फक्त रोज सकाळी आल्या आल्या सदतीसच्या सदतीस जुने पत्ते एकेक करून हातानं टाइप करायची. त्यासाठी छोटा प्रोग्राम लिहिता आला असता, तो तिनंच मला पूर्वी एकदा लिहून दाखवला होता. पण ती हातानंच करायची. पाऊण तास लागायचा. तिच्या बहिणीनं मला फोन करून विचारलं, "काय झालंय गं हिला? मी बोलले तर उलट बोलतसुद्धा नाही." मी काय सांगणार? तिनं राजीनामा दिला होता, साहेबांनी परत केला. तिच्या जागी दुसरं कुणी नव्हतं, एवढंच कारण. तिनंही तो परत घेतला. दुसरीकडे जायचं वय राहिलं नव्हतं.

वर्षअखेरीला साहेबांनी जुनी दोन डोमेन सोडून दिली. येणारे लोक कमी, हे त्यांचं म्हणणं आकड्यांनी खरं होतं. पत्तेबाईनं विरोधात तीन पानी टिपण लिहून दिलं. त्यावर "पाहिले" असा शेरा आला. त्यानंतर त्या पत्त्यांवर कुणी येतं का, हे कळायचा मार्गच राहिला नाही, कारण आमच्यापर्यंत जो पोचत नाही त्याची नोंद आमच्याकडे होत नाही. पोस्टरं मात्र भिंतींवर आहेत. ती काढायला कोण जाणार? डोमेन बंद झाली त्या सकाळी तिनं सवयीनं पहिला पत्ता टाइप केला, पांढऱ्या पानाकडे थोडा वेळ बघितलं आणि टॅब बंद केला. मग पाऊण तास नुसती बसून राहिली.

काका पुन्हा कधी आले नाहीत. आली त्यांची लेक, वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात. मंगळवारच होता तो, पण पहिला नव्हे. तिला आईचं पान काढून टाकायचं होतं.

"बाबांनी पाठवलंय," ती म्हणाली. आमच्याकडे बघत नव्हती. "ते कामाला जात नाहीत आता. ब्रशला हात लावत नाहीत."

पान काढायचा एक फॉर्म असतो. पत्तेबाईनं तो उघडला. त्यात कारण विचारतात आणि दोनच पर्याय देतात: सापडले, किंवा शोध थांबवला. तिनं स्क्रीन लेकीकडे वळवली. "यातलं काय लिहू?"

लेकीनं वाचलं. खालचा ओठ दातांत धरला. "शोध थांबवला नव्हता त्यांनी," ती म्हणाली. "सापडली लिहा."

पत्तेबाईनं ते निवडलं. मग फॉर्म पुढचा प्रश्न विचारतो: कशामुळे सापडले? पोस्टर, वेबसाइट, पोलीस, इतर. ती तिथं थांबली. माझ्या टेबलावरचा फोन वाजत होता, मी तो उचलला नाही. तिनं "पोस्टर" निवडलं. लेकीनं मान हलवली, सही केली आणि पिशवी खांद्याला लावून निघून गेली.

महिन्याभरानं वार्षिक अहवाल आला. त्यात त्या वर्षी सापडलेल्या माणसांचा आकडा मागच्या वर्षीपेक्षा एकानं जास्त होता. साहेबांनी बैठकीत तो वाचून दाखवला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पत्तेबाई उठून पाणी प्यायला गेली.